सैनिकांची पत्रं वाचण्यापुरती लॅटिन: माझी दोन वर्षं

मी २४ वर्षं सैन्यात क्लार्क होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो, आता साताऱ्यात राहतो. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं त्या नोकरीमुळे घडलं.

जून २०२२ मध्ये मी आणि पत्नी मुलीकडे न्यूकॅसलला गेलो होतो. ती तिथे नर्स आहे. एका सुट्टीला ती आम्हाला विंडोलांडाला घेऊन गेली. इंग्लंडच्या उत्तरेला, रोमन सम्राट हेड्रियनने बांधवलेल्या भिंतीच्या थोडं दक्षिणेला असलेलं हे रोमन ठाणं. भिंतीचं काम इ.स. १२२ मध्ये सुरू झालं, ठाणं त्याच्याही आधीचं. मार्च १९७३ मध्ये रॉबिन बर्ली यांना इथल्या ओल्या चिखलात लाकडाच्या पातळ पट्ट्या सापडल्या. एकमेकींना चिकटलेल्या पट्ट्या सोडवल्या तर आत शाईची अक्षरं होती, आणि हवा लागताच ती दिसेनाशी झाली. इन्फ्रारेड फोटो काढल्यावर मजकूर परत आला. आजवर अशा दीड हजारांहून जास्त पट्ट्या निघाल्या आहेत. जाडी एक ते तीन मिलिमीटर, आकार पोस्टकार्डाएवढा. त्यावर पत्रं, हिशेब, रजेचे अर्ज, रोजचे अहवाल.

संध्याकाळी घरी आल्यावर मुलीने मोबाइलवर एका पट्टीचं इंग्रजी भाषांतर काढून दिलं. म्हणाली, "बाबा, हे तुमचंच काम दिसतंय." क्रमांक १५४. इ.स. ९०च्या आसपासची, तुंग्रियन लोकांच्या पहिल्या पलटणीची १८ मेची हजेरी. एकूण ७५२, त्यात सेंच्युरियन, म्हणजे तुकड्यांचे नायक, ६. बाहेर गेलेले ४५६: कोणी राज्यपालाच्या पहाऱ्यावर, ३३७ जण दुसऱ्या ठाण्यावर, एक सेंच्युरियन लंडनला. उरले २९६. त्यांतले आजारी १५, जखमी ६, डोळे आलेले १०, मिळून ३१. कामाला धडधाकट २६५.

मी कागद घेऊन बेरीज केली. ७५२ वजा ४५६, २९६. पंधरा, सहा आणि दहा, ३१. २९६ वजा ३१, २६५. हिशेब जुळला. आमच्याकडे याला पॅरेड स्टेट म्हणतात. रोज सकाळी साहेबांच्या टेबलावर ती जाते, आणि ती जुळत नसेल तर क्लार्कला चहा गोड लागत नाही. एकोणीसशे वर्षांपूर्वी कुणीतरी लाकडावर ती जुळवली होती. त्या रात्री ठरवलं, हे भाषांतरात नाही, मूळ भाषेत वाचायचं.

सप्टेंबर २०२२ मध्ये एका ऑनलाइन वर्गात नाव घातलं. आठ आठवडे, फी १४ हजार रुपये. वर्ग त्यांच्या संध्याकाळी सात वाजता, म्हणजे आपल्या रात्री साडेअकराला. ३० ऑक्टोबरला तिकडची घड्याळं मागे गेली आणि वर्ग साडेबारावर आला. शिकवणारे मन लावून शिकवत. शेतकरी, मुलगी, जंगल, गुलाब, मग युद्ध, तलवार, नगर, राजा. रोज पहाटे फिरताना पंचवीस शब्द पाठ करायचो. डिसेंबरपर्यंत सहाशेच्या वर शब्द झाले.

नाताळच्या सुट्टीत पहिल्यांदा एक खरं पत्र उघडलं, क्रमांक ३४३. धान्य आणि कातड्यांच्या व्यवहाराचं लांबलचक पत्र. मला त्यातलं 'आणि', 'भाऊ', 'मला' आणि आकडे एवढंच कळलं. तलवार नव्हती, गुलाब नव्हता, राजा नव्हता. वही मिटून ठेवली आणि तीन आठवडे तिला हात लावला नाही. त्या दिवसांत फार निराश होतो. वय झालं, आता डोक्यात काही राहत नाही, असं वाटू लागलं होतं. तुम्ही आज त्या जागी असाल तर एवढंच ऐका: चूक तुमच्या डोक्याची नाही, शब्दांच्या यादीची आहे.

वाट दाखवली ती शेजारच्या बाईंनी. संस्कृतच्या निवृत्त शिक्षिका आहेत. लॅटिन त्यांना येत नाही. पत्राची पहिली ओळ वाचून दाखवली, "ओक्तावियुस कांदिदो फ्रात्री सुओ सालुतेम." त्यांनी विचारलं, यात कोण कुणाला लिहितोय हे कशावरून कळतं? मी सांगितलं, ओक्तावियुस प्रथमेत आहे, कांदिदो चतुर्थीत. त्या म्हणाल्या, "मग हे आपलं 'यांस'च की. 'कांदिदुस, आपले बंधू, यांस नमस्कार.'"

तिथून माझी दिशा बदलली. घरात आजोबांची जुनी पत्रं आहेत. 'तीर्थरूप अमुक यांस, सा. न. वि. वि.' अशी सुरुवात, मग क्षेमकुशल, मग 'पाठवावे ही विनंती', शेवटी 'कळावे, लोभ असावा'. रोमन सैनिकाचं पत्रही याच चालीवर चालतं. आधी लिहिणारा, मग ज्याला लिहिलं तो, मग 'सालुतेम'. मजकूर बहुतेक वेळा 'रोगो', म्हणजे 'विनंती करतो', या शब्दाभोवती फिरतो. शेवटी 'वाले', बरा राहा. ही चौकट हातात आली की अनोळखी पत्राचाही पाव भाग वाचण्याआधीच कळलेला असतो.

व्याकरणातली मोठी गाठही इथेच सुटली. 'रोगो' नंतर क्रियापदाचं एक वेगळं रूप येतं. वर्गात ते शेवटच्या आठवड्यात घाईने उरकलं होतं आणि इंग्रजीतून समजावल्यामुळे माझ्या गळी उतरलं नव्हतं. मराठीत ते सरळ आपलं विध्यर्थी 'वे' आहे. 'मित्तास' म्हणजे पाठवावे, 'वेनियास' म्हणजे यावे, 'युबेआस' म्हणजे हुकूम द्यावा. 'रोगो वेनियास', यावे ही विनंती. पत्रं वाचायची असतील तर हे रूप पहिल्याच महिन्यात शिका. भूतकाळाची सगळी कोष्टकं नंतर आली तरी चालतात.

जानेवारी २०२३ मध्ये नवी वही घातली आणि नियम केला: जो शब्द पत्रात भेटेल तोच वहीत येईल, आणि त्याच्यापुढे मराठी अर्थ लिहायचा, इंग्रजी नाही. मजकूर, भाषांतर आणि फोटो इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. कार्डशीट आणून साधारण वीस बाय आठ सेंटिमीटरचे तुकडे कापले, मूळ पट्ट्या जवळपास एवढ्याच असतात. पट्टी मधोमध दुमडून पत्र बंद करत, तशीच मी कार्डं दुमडली. बाहेर लॅटिन शब्द आणि तो ज्या ओळीत आला ती ओळ, आत मराठी. कार्डशीट आणि रबरबँड मिळून ९० रुपये. पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात खिशात मावणारा लॅटिन शब्दकोश ३५० रुपयांना मिळाला.

मार्चमध्ये संपादित मजकुराचा १९९४ सालचा खंड परदेशातून जुना मागवला. ॲलन बोमन आणि डेव्हिड थॉमस यांनी केलेला हा खंड. त्याच्या शेवटी प्रत्येक शब्दाची सूची आहे आणि शब्द शिकायला तीच सर्वांत उपयोगी पडली. पार्सल २४ दिवस कस्टममध्ये अडकलं. केवायसी मागितली होती, पण तो संदेश मला आलाच नाही. ट्रॅकिंगचं पान स्वतः उघडलं तेव्हा कळलं. आधार आणि पैसे भरल्याची पावती अपलोड केल्यावर पाचव्या दिवशी पार्सल घरी आलं. परदेशी पुस्तक मागवलं तर पहिल्या आठवड्यापासून ट्रॅकिंग रोज बघा, संदेशाची वाट पाहू नका.

संस्कृत माझं दहावीपर्यंतच होतं, तरी पुष्कळ आधार मिळाला. फ्रातेर म्हणजे भ्राता, सोरोर म्हणजे स्वसा, दुओ, त्रेस, सेप्तेम. 'युमेंता' म्हणजे ओढकामाची जनावरं, त्यात 'युज्', जुंपणे, हाच धातू आहे. असे शब्द एकदा दिसले की पुसले जात नाहीत. ज्यांना असा आधार नव्हता ते कामाच्या गटांत बांधले: खाण्याचे, कपड्यांचे, गाड्या-जनावरांचे, आजारपणाचे, पैशाचे. 'ऊदोनेस' म्हणजे पायमोजे. क्रमांक ३४६ मध्ये कुणालातरी पायमोजे, सपातांचे दोन जोड आणि आतल्या चड्ड्यांचे दोन जोड पाठवल्याचं लिहिलंय. थंडीतल्या पोस्टिंगवर घरून पार्सल येतं तेव्हा कसं वाटतं हे मला ठाऊक आहे, म्हणून तो शब्द मला पाठ करावा लागला नाही.

आता तेच ३४३. एप्रिलभर रोज सहा-सात ओळी केल्या. ओक्तावियुसने पाच हजार मोदियुस कणसं विकत घेतली आहेत. मोदियुस म्हणजे पावणेनऊ लिटरच्या आसपासचं माप, आपल्या पायलीच्या जातीचं. त्याला रोख पैसे हवेत, निदान पाचशे देनारियुस, म्हणजे रोमन चांदीची नाणी. नाहीतर 'आर्रा' म्हणून दिलेले तीनशेच्या आसपास जातील आणि 'एरुबेस्काम', लाजेनं लाल व्हायची पाळी येईल. आर्राला इंग्रजीत डिपॉझिट लिहिलेलं होतं. डिपॉझिट बँकेतही असतं, ते मनाला पटेना. दोन दिवसांनी बाजारात कांद्याच्या व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकलं, "विसार दिलाय मी." आर्रा म्हणजे विसार! सौदा मोडला की बुडणारा पैसा. असा नेमका शब्द आपल्याकडे रोजच्या वापरात आहे, याचा मला फार आनंद झाला. त्या पत्रात पुढे तो म्हणतो, कातडी आणायला मी स्वतःच गेलो असतो, पण जनावरांचे हाल करायचे नव्हते, 'दुम वियाए माले सुंत', रस्ते खराब आहेत तोवर. तीन आठवडे मिटून ठेवलेलं ते पत्र ३० एप्रिलला मी शेवटपर्यंत वाचलं आणि त्याची मराठी प्रत वहीत उतरवली.

दोन गोष्टींनी मला बराच काळ अडवलं. पहिली तारखा. रोमन लोक तारीख पुढच्या ठरावीक दिवसापासून मागे मोजतात, आणि मोजताना दोन्ही टोकं धरतात. हजेरीवर 'जूनच्या कालेंदेपूर्वी १५वा' असं आहे; कालेंदे म्हणजे महिन्याचा पहिला दिवस. मी १ जूनमधून १५ वजा करून १७ मे काढायचो. १ जून हाच पहिला दिवस धरायचा, ३१ मे दुसरा, अशा गणतीने पंधरावा दिवस १८ मे. बोटांवर मोजा, वजाबाकी करू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे शुद्धलेखन. कोशात 'हाबेंत', पट्टीवर 'हाबुंत'. कोशात 'देबेंत', पट्टीवर 'देबुंत'. शब्द सापडला नाही की माझीच चूक वाटायची. नंतर लक्षात आलं, ही पत्रं लिहिणाऱ्यांत बतावियन सैनिकही होते, ते ऱ्हाइनच्या मुखाकडचे, आजच्या नेदरलँड्सच्या भागातले. तुंग्रियन आजच्या बेल्जियममधले. लॅटिन त्यांचीही मातृभाषा नव्हती. आमच्या युनिटमध्ये तमिळ, मराठी, गढवाली पोरं हिंदीत अर्ज लिहायची, जसं बोलतात तसं लिहायची, आणि आम्ही क्लार्क त्यावर कारवाई करायचो. ते हिंदी चुकीचं म्हणून मी कधी परत केलं नाही. पट्ट्यांवरची लॅटिन त्याच मायेने वाचायला लागलो तेव्हा मोकळा झालो. शब्द कोशात मिळाला नाही तर मोठ्याने म्हणून बघा, कानाला तो पुष्कळदा ओळखू येतो.

मासक्लुस नावाच्या घोडदळाच्या अधिकाऱ्याचं पत्र आहे, क्रमांक ६२८. प्रीफेक्ट, म्हणजे पलटणीचा प्रमुख, असलेल्या केरियालिसला तो 'राजा' म्हणून नमस्कार करतो, उद्या आम्ही काय करावं ते कळवा असं विचारतो, आणि शेवटी: 'केर्वेसाम कोम्मिलितोनेस नोन हाबुंत, क्वाम रोगो युबेआस मित्ती.' सोबत्यांकडे बिअर नाही, ती पाठवण्याचा हुकूम व्हावा ही विनंती. या एका वाक्यात हाबुंत आहे, रोगो आहे, 'वे' आहे. सुरुवात करणाऱ्याने हे पत्र पहिलं घ्यावं. मग रजेचे अर्ज, ते एकाच साच्यातले असतात: 'रोगो दोमिने, दिग्नुम मे हाबेआस कुई देस कोम्मेआतुम.' साहेब, आपण मला रजा देण्यास पात्र समजावे ही विनंती. 'कोम्मेआतुस' म्हणजे रजा. असे किती अर्ज मी टाइप केले असतील! हा साचा तोंडपाठ झाला की तुकडा फाटलेला असला तरी पुढचा शब्द मनात येतो.

मूळ हस्ताक्षराबद्दल प्रामाणिकपणे सांगतो, ते मला अजून पुरतं वाचता येत नाही. शब्दांमध्ये बहुधा जागा नसते आणि अक्षरं छापील रोमन अक्षरांसारखी दिसत नाहीत. आमच्याकडे जमिनीचे दोन मोडी कागद आहेत, त्यांच्यासमोर बसल्यावर जी अवस्था होते तीच. मी एवढंच केलं की छापील मजकूर शेजारी ठेवून फोटोत 'सालुतेम' शोधायचं. तो शब्द जवळपास प्रत्येक पत्रात असतो, त्यामुळे सात अक्षरं आपोआप हाती लागतात.

२०२३ संपताना वहीत ४३० शब्द होते. आधीच्या सहाशेपेक्षा कमी, पण एवढ्यावर मी सोपी पत्रं कोश न उघडता वाचू लागलो होतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा व्हिसाचा अर्ज केला. सहा महिन्यांच्या भेटीच्या व्हिसाची फी तेव्हा ११५ पौंड होती, मला माणशी साडेबारा हजारांच्या आसपास पडली. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), पेन्शनच्या पावत्या, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, मुलीचं पत्र आणि तिच्या पगाराच्या पावत्या जोडल्या. पेन्शनच्या कागदावर माझं आडनाव एका अक्षराने वेगळं आहे, त्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवलं होतं. माजी सैनिकांनी ही तपासणी अर्जाच्या महिनाभर आधी करावी. पुण्यात बोटांचे ठसे दिले आणि १७ दिवसांनी पासपोर्ट परत आले.

जूनमध्ये हेक्सहॅमपर्यंत रेल्वे आणि पुढे 'एडी १२२' बस. भिंतीचं काम सुरू झालं ते साल हाच बसचा क्रमांक. बसचं वेळापत्रक बघूनच निघा. ठाण्यावर पाऊस होता. म्युझियमच्या अंधुक उजेडातल्या कपाटासमोर मी तासभर उभा राहिलो. तपकिरी लाकडावर तपकिरी पडलेली शाई, नुसत्या डोळ्यांना फारच थोडी दिसते. दोन वर्षांपूर्वी तिथे मी फक्त लाकडाचे तुकडे पाहिले होते. या खेपेला शेजारच्या मोठ्या फोटोवरच्या ओळी पत्नीला मराठीत सांगत गेलो, आणि तिने मध्येच विचारलं, "पण त्याला पुढे उत्तर आलं का?" ते कळायला मार्ग नाही. क्राउत्तियुस नावाचा सैनिक जुन्या तंबूसोबत्याला लिहितो, 'मीरोर', नवल वाटतं, इतके दिवस झाले, तू एक उत्तर पाठवलं नाहीस. हे ३१० क्रमांकाचं पत्र. त्याला कात्रीचीही आठवण करून द्यायची आहे, पशुवैद्याने विकत द्यायची कबूल केलेली.

परतताना लंडनला दोन दिवस थांबलो. ब्रिटिश म्युझियमला प्रवेश फुकट आहे. क्लाउदिया सेवेराने केरियालिसच्या बायकोला, सुल्पिकिया लेपिदिनाला, ११ सप्टेंबरच्या आपल्या वाढदिवसाला बोलावलं ते पत्र, क्रमांक २९१, तिथलं. मुख्य मजकूर लेखनिकाने नीटनेटका लिहिलाय. माझ्यासारख्याच कुणीतरी. खाली उजव्या बाजूला मात्र हस्ताक्षर बदलतं, ओळी तुटक होतात. ते सेवेराच्या स्वतःच्या हातचं आहे, बाईच्या हातचं लॅटिन म्हणून आज जे जुन्यातलं जुनं ठाऊक आहे त्यात त्याची गणना होते. 'स्पेराबो ते सोरोर. वाले सोरोर, आनिमा मेआ.' वाट बघते तुझी, ताई. बरी राहा ताई, माझ्या जिवा. मी हे हळू आवाजात वाचलं. मुलीने माझा हात धरला होता. कोश बॅगेतच राहिला.

आता इजिप्तकडे वळलो आहे. कारानिस गावात क्लाउदियुस तेरेंतियानुस नावाच्या सैनिकाची पत्रं सापडली आहेत, पपायरसवरची, इ.स. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीची. पुष्कळशी वडिलांना लिहिलेली, काही लॅटिनमध्ये, काही ग्रीकमध्ये. वहीचा नवा भाग उघडून पहिलं कार्ड कापलं: 'दोलाब्रा', कुदळ-कुऱ्हाडीचं सैनिकी अवजार. तो 'दालाब्रा' लिहितो. बाबा, तुम्ही पाठवलीत ती माझ्याकडून 'ओप्तियो'ने काढून घेतली, असं तो कळवतो. ओप्तियो म्हणजे सेंच्युरियनच्या हाताखालचा अधिकारी. तो शब्द मला शोधावा लागला नाही. विंडोलांडाच्या रोजच्या अहवालांखाली तोच सांगत असतो की सगळे आपापल्या जागी आहेत आणि सामानही.